रहस्य कोणाच्या हाती? 'मॅन्शन्स ऑफ मॅडनेस' आणि खेळातल्या सूत्रधाराची दोन शतके

(दीर्घ थ्रेड)

१/
ऑगस्ट २०१६. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात 'जेन कॉन' हा पटावरच्या खेळांचा वार्षिक मेळा भरला होता. 'फँटसी फ्लाइट गेम्स' या प्रकाशन संस्थेने तेथे आपल्या एका जुन्या खेळाची दुसरी आवृत्ती अचानक जाहीर केली आणि त्याच मेळ्यात ती विक्रीलाही ठेवली. खेळाचे नाव 'मॅन्शन्स ऑफ मॅडनेस'. पहिल्या आवृत्तीत टेबलाभोवतीची एक खुर्ची बाकीच्यांहून वेगळी असे. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला सारे रहस्य ठाऊक असे. नव्या आवृत्तीत ती खुर्चीच उरली नाही. तिचे काम एका मोफत ॲपकडे गेले. ती खुर्ची आली कोठून, आणि ती हलवावी असे का वाटले, याचा हा इतिहास.

२/
प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. काळ १९२० च्या दशकातला, स्थळ अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधले आर्कहॅम हे काल्पनिक नगर. एक ते पाच खेळाडू, प्रत्येकाच्या वाट्याला एक शोधक. आरंभी टेबलावर वाड्याचा एखादाच भाग मांडलेला असतो. शोधक दाराशी जातो, ॲपवर ते दार उघडतो, आणि पलीकडे काय आहे ते ॲप सांगते. मग त्या खोलीचा पुठ्ठा पेटीतून काढून शेजारी जोडायचा. कपाटे शोधायची, माणसांची विचारपूस करायची, कुलपे उघडायची आणि अंधारातून जे बाहेर येईल त्याला तोंड द्यायचे. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. फासे, पत्ते आणि प्लास्टिकच्या मूर्ती टेबलावर असतात. वाड्याचा नकाशा, कथा आणि पुढचे संकट पडद्याआड.

३/
रहस्याच्या खेळात एक जुनीच अडचण आहे. खुनी कोण, किल्ली कोठे, तळघरात काय, हे कोणालातरी आधी माहीत असावे लागते. ज्याला माहीत आहे त्याला शोधाचा आनंद घेता येत नाही. कादंबरीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण लेखक वाचकाशेजारी बसलेला नसतो. मराठी संगीत नाटकात नांदीनंतर येणारा सूत्रधार नटीशी चार वाक्ये बोलून कथा रंगमंचाच्या हवाली करतो आणि निघून जातो. खेळातल्या सूत्रधाराला मात्र शेवटपर्यंत बसून राहावे लागते. सर्व काही ठाऊक असून अनभिज्ञ चेहरा ठेवणे, हे त्याचे काम.

४/
या सूत्रधाराचा आधुनिक पूर्वज प्रशियाच्या लष्करात सापडतो. १८२४ मध्ये गेऑर्ग फॉन राइस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळ, नियमांसह प्रसिद्ध केला. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. मुलाने ती भूप्रदेशाच्या अचूक नकाशांवर आणली. दोन पक्ष आपापल्या आज्ञा लिहून एका पंचाकडे देत. पंच सैन्यांच्या हालचाली ठरवी, फाशांनी चकमकींचा निकाल लावी आणि प्रत्येक पक्षाला तेवढेच दाखवी, जेवढे त्या सैनिकांना प्रत्यक्ष रणांगणावर दिसले असते. टेकडीमागे शत्रूची तुकडी उभी आहे हे पंचाला माहीत; टेकडीवर चढेपर्यंत सेनापतीला नाही. अज्ञान हाच या खेळाचा धडा होता, आणि ते अज्ञान सांभाळण्यासाठी एका जाणत्या माणसाची नेमणूक करावी लागली.

५/
पुढे या पंचाचे अधिकार वाढतच गेले. राइस्वित्झच्या नियमांत कोष्टके फार. ती चाळता चाळता अधिकारी कंटाळत. १८७६ मध्ये युलियस फॉन फेर्दी द्यु फेर्न्वा या अधिकाऱ्याने जवळपास सर्व कोष्टके बाजूला सारून निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपवावा असे मांडले. खेळ वेगवान झाला खरा, पण पंच जसा, तसा खेळ! नियमांवर विसंबायचे की माणसावर, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि पुढच्या बहुतेक घडामोडींच्या मुळाशी तोच आहे.

६/
घरगुती खेळांनी मात्र वेगळी वाट काढली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक खुनाचा खेळ रचला आणि १९४४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४९ मध्ये तो 'क्लुडो' या नावाने बाजारात आला. त्याची युक्ती साधी होती: खुनी, हत्यार आणि खोली यांचा एकेक पत्ता न पाहता लिफाफ्यात घालायचा. रहस्य आहे, पण ते कोणालाच ठाऊक नाही. सूत्रधाराची गरजच संपली. किंमत एवढीच की लिफाफ्याला कथा सांगता येत नाही. खून का झाला, हे 'क्लुडो' कधीच सांगत नाही. तसा प्रश्न खेळाडूही विचारत नाहीत.

७/
कथा पुन्हा खेळात आली ती अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत. १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली या युद्धखेळांच्या शौकिनाने नेपोलियनकालीन 'ब्राउनश्टाइन' नावाचे काल्पनिक जर्मन गाव मांडले आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला, प्रत्येकाचा हेतू निराळा. वेस्ली स्वतः पंच. खेळाडू एकेकटे येऊन त्याच्या कानात बेत सांगू लागले, आपापसांत कट रचू लागले, आणि ठरवलेली लढाई झालीच नाही. वेस्लीला तो प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळण्याचा हट्ट धरला.

८/
त्या खेळाडूंपैकी एक डेव्ह आर्नेसन. त्याने ही रीत 'ब्लॅकमूर' या स्वतःच्या अद्भुत प्रदेशात नेली आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्ससोबत १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. पहिली छपाई अवघ्या १,००० प्रतींची. प्रशियन पंच आता भुयारांचा स्वामी झाला. नकाशा त्याच्या पडद्यामागे, राक्षस त्याच्या वहीत, आणि दार उघडल्यावर काय दिसते हे सांगणारा आवाज त्याचा. जाता जाता: ज्या 'जेन कॉन' मेळ्यापासून हा थ्रेड सुरू झाला, तो १९६८ मध्ये गायगॅक्सनेच लेक जिनीव्हात सुरू केला होता. त्या गावाच्या नावातूनच मेळ्याचे नाव आले.

९/
आता आर्कहॅमकडे वळू. हे नगर हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट या लेखकाच्या कल्पनेतले. जन्म २० ऑगस्ट १८९०, ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात; मृत्यू त्याच शहरात १५ मार्च १९३७ रोजी. त्याच्या बऱ्याच कथा 'विअर्ड टेल्स' या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकातून आल्या. 'द कॉल ऑफ क्थुल्हू' ही सर्वांत प्रसिद्ध कथा फेब्रुवारी १९२८ च्या अंकातली. हयातीत ग्रंथरूपाने आलेले त्याचे एकमेव कथापुस्तक म्हणजे १९३६ चे 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ'; त्याच्या सुमारे २०० प्रतीच बांधल्या गेल्या. दारिद्र्यातच तो गेला. १९३९ मध्ये ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री यांनी केवळ त्याचे लेखन टिकावे म्हणून प्रकाशन संस्था काढली आणि तिला 'आर्कहॅम हाउस' हे नाव दिले.

१०/
लव्हक्राफ्टच्या भयकथांत भूत सूड घेत नाही, पिशाच नवस मागत नाही. तेथे भय उपजते ते जाणण्यातून. मनुष्यजात या विश्वात कोणाच्याही खिजगणतीत नाही, समुद्राच्या तळाशी आणि ताऱ्यांपलीकडे तिच्याहून प्राचीन काहीतरी आहे, हे ज्याला कळते त्याचे मन मोडते. प्राध्यापक, ग्रंथपाल, पुराणवस्तूंचे अभ्यासक हे त्याचे नायक, आणि अभ्यास हाच त्यांचा घात. ज्याला रहस्य कळले तो माणसांत राहू शकत नाही. खेळातल्या सूत्रधाराच्या अडचणीशी हे फारच मिळतेजुळते आहे. खेळ रचणाऱ्यांना लव्हक्राफ्ट इतका मानवला, याचे एक कारण हेही असावे.

११/
दुसरे कारण अधिक व्यावहारिक. लव्हक्राफ्टने आपली काल्पनिक दैवते, ग्रंथ आणि गावे मित्रलेखकांना मोकळेपणाने वापरू दिली. क्लार्क ॲश्टन स्मिथ आणि रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्याशी त्याची ही देवघेव चाले. एकाचे दैवत दुसऱ्याच्या कथेत अवतरे. अनेकांनी मिळून बांधलेल्या या जगात पुढे खेळांनाही सहज जागा मिळाली.

१२/
या वारशात विषही आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. लव्हक्राफ्ट कट्टर वर्णद्वेष्टा होता. १९२४ ते १९२६ ही वर्षे त्याने न्यूयॉर्कमध्ये काढली. तेथील स्थलांतरितांविषयीची घृणा त्याच्या पत्रांत आणि 'द हॉरर ॲट रेड हूक' या कथेत उघडपणे दिसते. इन्समाउथच्या कथेतील मिश्र रक्ताचे भयही त्याच मुळाचे. 'वर्ल्ड फँटसी' पुरस्कार अनेक वर्षे लव्हक्राफ्टच्या अर्धपुतळ्याच्या रूपात दिला जाई. २०११ मध्ये हा पुरस्कार मिळवणाऱ्या नायजेरियन-अमेरिकन लेखिका न्नेडी ओकोराफोर यांनी त्या पुतळ्याविषयीची अस्वस्थता जाहीरपणे मांडली. चर्चा वाढत गेली आणि २०१५ मध्ये तो पुतळा बदलण्याचा निर्णय झाला. म्हणजे 'मॅन्शन्स'ची दुसरी आवृत्ती बाजारात आली तेव्हा हा वाद अगदी ताजा होता.

१३/
लव्हक्राफ्ट आणि सूत्रधार यांची गाठ पडली १९८१ मध्ये. कॅलिफोर्नियातील 'केऑसियम' या संस्थेने सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ क्थुल्हू' हा भूमिकाखेळ काढला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये नायक जितके खेळतील तितके बलवान होत. पीटरसन यांनी हा क्रम उलटा केला. त्यांनी शोधकांना मनःस्वास्थ्याचे गुण दिले, आणि भयानक काही पाहिले वा निषिद्ध ग्रंथ वाचला की ते गुण घटत. जितके जाणावे तितके खचावे. लव्हक्राफ्टचे तत्त्वज्ञान एका आकड्यात उतरवणारी ही युक्ती खेळांच्या इतिहासातील अत्यंत चतुर कल्पनांपैकी एक मानावी लागेल. या खेळातील सूत्रधाराला नाव मिळाले 'कीपर', म्हणजे राखणदार. गूढ ज्ञान राखणारा.

१४/
राखणदारावाचून हेच जग टेबलावर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न रिचर्ड लॉनियस यांचा. त्यांचा 'आर्कहॅम हॉरर' १९८७ मध्ये 'केऑसियम'नेच प्रकाशित केला. आर्कहॅमच्या रस्त्यांवर दुसऱ्या जगाची दारे उघडत, आणि सर्व खेळाडू मिळून ती बंद करत. सहकाराने खेळायचे खेळ तेव्हा विरळाच होते. राखणदाराचे काम पत्त्यांच्या गड्ड्यांवर सोपवलेले होते: पत्ता उलटा, संकट वाचा. सर्वांना एकत्र खेळता आले, हा मोठा लाभ. पण पिसलेल्या पत्त्यांना मागचे काही आठवत नाही. दवाखान्यात भेटलेल्या म्हाताऱ्याचा नंतर स्मशानात भेटणाऱ्या प्रेताशी काही संबंध आहे का, हे पत्त्यांना विचारून उपयोग नाही.

१५/
त्याच दशकात यंत्रांनाही राखणदारी देऊन पाहिली गेली. १९८१ मध्ये 'मिल्टन ब्रॅडली' कंपनीने 'डार्क टॉवर' आणला. पटाच्या मधोमध काळा प्लास्टिकचा मनोरा, त्यात बॅटरीवर चालणारा छोटा संगणक, फिरणारी चित्रे आणि आवाज. खेळाडू कळ दाबून आपली चाल सांगे; किल्ली सापडली की लुटारू भेटले, हे मनोरा ठरवी. कोणाजवळ किती सैनिक आणि किती सोने, हेही तोच लक्षात ठेवी. आजच्या ॲपचा थेट पूर्वज शोधायचा झाला तर तो हाच.

१६/
१९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रेट क्लेमेंट्स आणि फिलिप टॅनर यांनी 'नाइटमेअर' या खेळासोबत चक्क व्हिडिओ कॅसेट दिली. खेळाडू आरंभी आपले सर्वांत मोठे भय कागदावर लिहीत. मग दूरचित्रवाणीच्या पडद्यावर 'गेटकीपर' नावाचा बुरख्यातला द्वारपाल प्रकटे आणि ६० मिनिटांचे घड्याळ चालू होई. तो मध्येच ओरडून खेळ थांबवी, शिक्षा देई, आणि खेळाडूंना त्याला अदबीने उत्तर द्यावे लागे. पहिल्या रात्री मुले खरोखर घाबरत. पण कॅसेट प्रत्येक वेळी तीच. द्वारपाल केव्हा ओरडणार हे पाठ झाल्यावर त्याचा दरारा किती उरणार?

१७/
पुस्तकांचीही एक वाट होती. १९८१ च्या 'शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह'मध्ये साक्षी परिच्छेदांत विखुरलेल्या असत; खेळाडू लंडनच्या पत्त्यांवरून कोणाकडे जायचे ते ठरवत आणि तोच परिच्छेद उघडत. २००४ च्या 'बिट्रेयल ॲट हाउस ऑन द हिल'ने तर अर्ध्या खेळापर्यंत कोणालाच काही कळू दिले नाही: सगळे मिळून पछाडलेले घर धुंडाळत, आणि मग अचानक एखादा खेळाडू घरभेदी ठरे. त्या क्षणी घरभेद्याला एक पुस्तिका, उरलेल्यांना दुसरी. ५० निरनिराळी कथानके होती, पण दोन्ही पुस्तिकांचे अर्थ एकमेकांशी जुळले नाहीत की वाद ठरलेला, आणि तो सोडवायला पंच नाही.

१८/
ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २०११ च्या पहिल्या 'मॅन्शन्स ऑफ मॅडनेस'चे धाडस कळते. रचनाकार कोरी कोनिएझ्का. प्रकाशक 'फँटसी फ्लाइट', १९९५ मध्ये स्थापन झालेली आणि मिनेसोटातल्या त्याच जोडशहरांच्या परिसरातली संस्था, जेथे चाळीसएक वर्षांपूर्वी ब्राउनश्टाइन घडले होते. २००५ मध्ये तिने लॉनियस आणि केव्हिन विल्सन यांच्या नावाने 'आर्कहॅम हॉरर'ची नवी आवृत्ती काढून हे जग पुन्हा लोकप्रिय केले होते. आता तिने राखणदाराला भूमिकाखेळातून उचलून पटावर बसवले. एक खेळाडू राखणदार, उरलेले एक ते चार शोधक, आणि दोन्ही बाजू परस्परविरोधी.

१९/
राखणदाराचे काम खेळाआधीच सुरू होई. निवडलेल्या कथेविषयीचे काही प्रश्न पुस्तिकेत दिलेले असत. त्यांची उत्तरे तो गुपचूप निवडी. त्या उत्तरांनुसार कोणता पुरावा कोणत्या खोलीत ठेवायचा, कोणत्या दाराला कुलूप, कोठे अडथळा, हे ठरे. पत्त्यांचे छोटे छोटे ढीग वाड्याच्या प्रत्येक खोलीत पालथे मांडायचे. शोधक तोवर चहा घेत बसत. आणि एक पत्ता चुकीच्या खोलीत गेला, तर? पुराव्यांची साखळी तुटे. दोन तास वाडा पिंजूनही किल्ली मिळत नसे, आणि चूक कोठे झाली हे शेवटी उलगडे, तेही खेळ वाया गेल्यावर. या आवृत्तीच्या चाहत्यांनाही ही मांडणी त्रासदायक वाटे.

२०/
याहून सूक्ष्म अडचण मनाची होती. भूमिकाखेळातला राखणदार कथेचा यजमान असतो. शोधक हरावेत असे त्याला वाटत नाही, त्यांना पुरेसे भय वाटावे एवढेच वाटते. येथे मात्र त्याला जिंकायचेही होते. राक्षस सोडावे की दबून राहावे, दुबळ्या खेळाडूला घेरावे की जाऊ द्यावे? तो चांगला यजमान झाला तर वाईट प्रतिस्पर्धी ठरे, आणि चांगला प्रतिस्पर्धी झाला तर संध्याकाळ नासे. प्रशियन पंच तटस्थ होता. 'मॅन्शन्स'चा राखणदार एकाच वेळी न्यायाधीशही होता आणि वादीही.

२१/
ॲपची वाट तोवर मोकळी होऊ लागली होती. 'फँटसी फ्लाइट'नेच २०१५ मध्ये एरिक लँग यांचा 'एक्सकॉम' हा खेळ काढला. तो ॲपविना खेळताच येत नसे, आणि त्यावरून शौकिनांत बरीच कुरबुर झाली. पुठ्ठ्याच्या खेळाकडे लोक वळतात ते पडद्यापासून सुटका म्हणून, मग पडदा पुन्हा टेबलावर का? आक्षेप गैरलागू नव्हता. २०१६ मध्ये 'डिसेंट' या भुयारांच्या खेळातील दुष्ट स्वामीची जागा घेणारे ॲपही या संस्थेने दिले. त्याच वर्षी निकी व्हेलेन्स यांनी रचलेली 'मॅन्शन्स'ची दुसरी आवृत्ती आली. पेटीची किंमत सुमारे १०० डॉलर. आत ८ शोधक, राक्षसांच्या २४ मूर्ती आणि ४ कथानके. पहिल्या आवृत्तीतील शोधक आणि राक्षस नव्यात वापरता यावेत याचीही सोय होती.

२२/
या ॲपची खरी कुसर त्याला काय ठाऊक नाही यात आहे. वाड्याचा नकाशा त्याला ठाऊक. कोणत्या कपाटात काय, कोणता साक्षीदार खोटारडा, पुढच्या फेरीत काय कोसळणार, हे सारे ठाऊक. शोधक मात्र कोठे उभे आहेत हे त्याला मुळीच माहीत नसते! राक्षसाची पाळी आली की ते सूचना देते: सर्वांत जवळच्या शोधकाकडे सरकवा, आणि मग हल्ला झाला की नाही, हे खेळाडूंनाच विचारते. फासे खेळाडूच टाकतात, मूर्ती खेळाडूच हलवतात, जखमांचे पत्ते त्यांच्याच हाती. राक्षसावर वार करताना कोणत्या प्रकारचे शस्त्र ते ॲपला सांगायचे. ते एक प्रसंग वर्णन करते आणि बळाची, चपळाईची की अन्य कशाची कसोटी द्यायची ते ठरवते. १८२४ मधल्या पंचाकडे नकाशा, सैन्ये, फासे आणि निकाल हे सारेच होते. ॲपने त्यातले अज्ञान तेवढे राखायला घेतले. शरीर टेबलावरच राहिले.

२३/
मांडणीचा जाच एका फटक्यात संपला. आरंभी एकदोन खोल्या मांडायच्या, बाकी वाडा उघडेल तसा. त्यामुळे वाडा किती मोठा आहे हेही कोणाला कळेना. पहिल्या आवृत्तीत तो सगळा समोर पसरलेला असे. एकाच कथानकात खोल्यांची रचना बदलण्याची सोय असल्याने कॅसेटचा दोषही काही अंशी टळला. पहिल्या आवृत्तीतले पुठ्ठ्याच्या तुकड्यांचे कोडे पडद्यावर गेले. शोधकाच्या गुणांनुसार चाली मिळतात आणि अर्धवट कोडे पुढच्या फेरीत तेथूनच सोडवता येते. सर्वांत मोठा लाभ मात्र हा की पाचवा माणूस राखणदाराच्या खुर्चीतून उठून मित्रांसोबत अंधारात शिरला.

२४/
व्हेलेन्स यांनी सगळेच गुपित यंत्राला दिले नाही, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. भयाची मर्यादा ओलांडली की शोधकाला वेडाचा एक पत्ता मिळतो. त्याची मागची बाजू त्यानेच वाचायची, कोणाला दाखवायची नाही. काही पत्ते त्याच्या विजयाची अटच बदलून टाकतात: सहकारी ज्यासाठी झटत आहेत त्याहून भलतेच काहीतरी त्याला साधायचे असते. शेजारी बसलेला मित्र अजून आपल्या बाजूचा आहे का? हा प्रश्न ॲप विचारत नाही. टेबलाभोवतीची माणसे एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहून तो विचारतात. ब्राउनश्टाइनमधली कुजबुज येथे जिवंत आहे.

२५/
मूळ लेखकाच्या वर्णद्वेषाला या आवृत्तीने दिलेले उत्तर शब्दांपेक्षा पात्रांतून दिसते. आठ शोधकांत कृष्णवर्णीय धावपटू रीटा यंग आहे, आशियाई वंशाची मिन्ह थी फान आहे, पाद्री मातेओ आहे, रस्त्यावर वाढलेली मुलगी वेंडी ॲडम्स आहे. लव्हक्राफ्टच्या कथांत अशा माणसांना दाराबाहेर तरी उभे केले जाई किंवा संकटाच्या बाजूला. येथे वाडा त्यांच्या डोळ्यांनी पाहायचा असतो. तरी पेटीतले एक कथानक इन्समाउथचेच आहे आणि त्या कथेतले संकरित रक्ताचे भय केवळ पात्रे बदलून धुऊन निघत नाही. या बाबतीत खेळाने अर्धी वाट चालली, असेच म्हणावे लागते.

२६/
यशाची खूण पुढच्या काळात दिसते. २०१९ पर्यंत या आवृत्तीला पाच पुरवण्या मिळाल्या. 'स्ट्रीट्स ऑफ आर्कहॅम' शोधकांना वाड्याबाहेर रस्त्यावर घेऊन गेली, 'हॉरिफिक जर्नीज' प्रवासी वाहनांत, 'पाथ ऑफ द सर्पंट' जंगलात. २०१९ मध्येच याच धर्तीवर टोल्किनच्या जगातला 'जर्नीज इन मिडल-अर्थ' आला. 'डार्क टॉवर'चा मनोराही २०२२ मध्ये 'रिटर्न टू डार्क टॉवर' या नावाने परतला, तोही आता ॲपशी जोडलेला.

२७/
मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला येथे काळजीचे एक कारण दिसते. १९४९ ची 'क्लुडो'ची पेटी आज उघडली तरी खेळता येते; लिफाफा, पत्ते आणि नियमांचा कागद पुरे. ॲपचे तसे नाही. २०१७ मध्ये ॲपलने आयफोनची नवी प्रणाली आणली तेव्हा जुन्या, ३२-बिट पद्धतीने लिहिलेली असंख्य ॲप्स एका दिवसात निरुपयोगी झाली. 'मॅन्शन्स'च्या पेटीत नकाशाचे पुठ्ठे आहेत, राक्षस आहेत, फासे आहेत. पण दारापलीकडे काय आहे हे पेटीत कोठेच लिहिलेले नाही. प्रकाशकाने ॲपची देखभाल थांबवली तर ५० वर्षांनी संग्रहालयात उरेल तो मुका वाडा. पहिल्या आवृत्तीच्या कटकटीच्या पुस्तिकेचे महत्त्व तेव्हा कळेल: तिच्यात रहस्य छापलेले आहे.

२८/
आणखी एक उणीव, तीही खरी. ॲपला प्रश्न विचारता येत नाही. खिडकी फोडून बाहेर पडू का, बटलरला लाच देऊ का, पडदे पेटवू का? माणूस क्षणभर विचार करून हो म्हणाला असता; फेर्दी द्यु फेर्न्वाने पंचाला मोकळीक दिली होती ती यासाठीच. ॲप फक्त लिहून ठेवलेलेच जाणते, आणि लिहिणारे लोक दूर मिनेसोटात.

२९/
येथे कथा चाहत्यांच्या हाती जाते. 'व्हाल्किरी' नावाचे मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर काही शौकिनांनी तयार केले. त्याच्या साह्याने 'मॅन्शन्स'च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी कोणालाही स्वतःचे कथानक रचता येते: वाडा आखायचा, साक्षीदारांच्या तोंडी वाक्ये घालायची, पुरावे लपवायचे आणि हे सारे इतरांना खेळायला द्यायचे. अधिकृत ॲपमधील सामग्री त्याला लागते, पण कथा रचणाऱ्याची असते. असे कथानक लिहिणारा मनुष्य सर्व खोल्या जाणतो, किल्ली कोठे आहे हे जाणतो, आणि त्यामुळे स्वतःच्या वाड्यात शोधक म्हणून कधीच शिरू शकत नाही. खेळाच्या रात्री तो दुसऱ्याने लिहिलेला वाडा उघडतो.